फॅमिली स्टडीजची डिग्री करायचीय? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे निकाल लागले की मला मेसेज यायला लागतात, निम्मे मुलींचे आणि निम्मे त्यांच्या आयांचे. मी ह्याच विषयात मास्टर्स केलंय, ठाण्यात राहते आणि कुटुंबांबरोबर काम करते, त्यामुळे ओळखीतून नंबर फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

ह्या डिग्रीत नक्की शिकवतात काय?

माणूस जन्मल्यापासून म्हातारा होईपर्यंत कसा घडतो आणि त्यात घराचा वाटा काय, हा सगळ्याचा गाभा. मग त्यात बालविकास येतो, किशोरवय, लग्न, पालकत्व, म्हातारपण, घटस्फोट आणि एकल पालक, अपंग मूल असलेलं घर, घरातला पैसा आणि कामाची वाटणी, आणि ह्या सगळ्याच्या आजूबाजूचा समाज, कायदा, सरकारी योजना. थिअरीत पियाजे, एरिक्सन, बोल्बी हे मुलांच्या वाढीचे अभ्यासक भेटतातच. ब्रॉनफेनब्रेनर तर इतक्या वेळा येतो की तोंडपाठ होतो, त्याचं म्हणणं असं की मुलाकडे एकटं बघू नका, त्याच्याभोवती घर, शाळा, आईबापाची नोकरी, सरकारी धोरण असे थर असतात आणि बाहेरच्या थरात काही हललं की ते आतपर्यंत पोचतं. ऐरोलीच्या आयटी पार्कमधली एखाद्या बापाची शिफ्ट बदलली तर घरी चार वर्षांच्या पोराची झोप बदलते, मूल त्या ऑफिसात कधी गेलेलं नसतं तरी. हे एकदा डोक्यात बसलं ना की बघायची नजरच बदलते.

आपल्याकडच्या अभ्यासकांचं कामसुद्धा वाचावं लागतं आणि मला तर ते जास्त आवडतं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वेंनी भारतातल्या नातेसंबंधांचे चार विभाग पाडले, त्यात महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो, म्हणजे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीती जिथे एकमेकींत मिसळतात तिथे, म्हणून तर आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं पण काकाच्या मुलीशी नाही. हे लहानपणापासून माहीत असतं, पण असं का हा प्रश्न तिथे पहिल्यांदा पडतो.

कोर्सचं नाव फॅमिली स्टडीजच असतं का? गुगलवर काही सापडत नाही.

बहुतेक ठिकाणी नसतं, म्हणून सापडत नाही. ह्यूमन डेव्हलपमेंट, ह्यूमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीज, होम सायन्स, कम्युनिटी सायन्स, ह्या नावांनी शोधा. आधी तीन किंवा चार वर्षांची डिग्री, त्यात ह्यूमन डेव्हलपमेंट हे स्पेशलायझेशन, आणि पुढे त्यातच मास्टर्स असा साधारण रस्ता असतो. आता नवीन शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांची ऑनर्स डिग्री आलीय, तीन वर्षांनी बाहेर पडलात तरी डिग्री मिळते.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कॉलेज आहे का?

खास ह्या विषयासाठी ज्यांची नावं घेतली जातात ती मुंबईतच आहेत. एसएनडीटी महिला विद्यापीठाचा जुहू कॅम्पस, तिथे सर विठ्ठलदास ठाकरसी कॉलेज ऑफ होम सायन्स आहे आणि ह्यूमन डेव्हलपमेंटचा मास्टर्सचा विभागही आहे. हे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेलं विद्यापीठ. दुसरं न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन होम सायन्स कॉलेज, ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. सोशल वर्कच्या बाजूने जायचं असेल तर देवनारचं टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, १९३६ पासूनचं. आणि घर सोडून राहायची तयारी असेल तर बडोद्याच्या एम. एस. विद्यापीठात ह्यूमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीज ह्याच नावाचा विभाग आहे, खूप जुना आणि मानाचा.

प्रवासाचं म्हणाल तर ठाण्याहून जुहू म्हणजे दादरला उतरून वेस्टर्नने सांताक्रूझ आणि तिथून बस किंवा रिक्षा, नाहीतर घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी. न्यू मरीन लाइन्स ठाणेकरांना सोपं, सीएसएमटीपर्यंत एकच गाडी आणि मग चालत. वाशी-नेरूळ-खारघरवाल्यांना देवनार सगळ्यात जवळ, हार्बरने गोवंडी किंवा मानखुर्द. ठाण्याहून देवनारला कुर्ल्याला गाडी बदलायची. फिल्डवर्कच्या दिवशी घरी यायला रात्र होते, हे आईबाबांना आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर रोज वाद नको.

बारावी आर्ट्स / कॉमर्सवाल्यांना मिळते का ॲडमिशन?

बीएससी की बीए की आणखी काही, त्यावर आहे आणि कॉलेजागणिक नियम वेगळे. माहितीपत्रक वाचा, ऑफिसात फोन करा. मास्टर्सला मात्र सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, एज्युकेशन अशा बऱ्याच विषयांतून आलेली मुलं दिसतात.

मुलांना, म्हणजे बॉइजना, घेतात का?

एसएनडीटी महिलांचं विद्यापीठ आहे आणि होम सायन्सची बरीच कॉलेजं मुलींची आहेत. पण टिस, बडोदा, इग्नू (घरबसल्या शिकवणारं सरकारी मुक्त विद्यापीठ) किंवा मुंबई विद्यापीठाचे सोशल वर्क आणि सायकॉलॉजी हे रस्ते मुलांना उघडे आहेत. मुलांनी यावं असं मला अगदी मनापासून वाटतं. घरोघरी गेल्यावर बाप, आजोबा, दीर ही मंडळी आमच्याशी चार वाक्यं बोलून बाहेर निघून जातात, तिथे पुरुष वर्कर असला तर तेच आजोबा तासभर बोलतात हे मी बघितलंय.

मग सरळ सायकॉलॉजीच का करू नये?

करा की, चांगलाच विषय आहे. फरक बघण्याच्या जागेत आहे. सायकॉलॉजीत मुख्यतः एका माणसाच्या मनाचा विचार होतो, इथे आपण दोन माणसांच्या मधल्या जागेत बसतो. सासू-सून घ्या, त्यात सासूचा स्वभाव आणि सुनेचा स्वभाव वेगवेगळा तपासून फार काही हाती लागत नाही, किचन किती बाय कितीचं आहे, मुलगा कोणाच्या बाजूने गप्प बसतो, घर कोणाच्या नावावर आहे, हे बघावं लागतं. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या, ही डिग्री घेऊन तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी ठरावीक शिक्षण आणि आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी लागते. डिप्रेशन, व्यसन, आत्महत्येचे विचार असं काही समोर आलं तर योग्य माणसाकडे पाठवायचं, हेच आपलं काम. ठाणेकरांना तर ह्यासाठी लांब जायची गरज नाही, मनोरुग्णालय आहे, १९९० पासून मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच ही संस्था आहे.

प्रॅक्टिकल काय असतं ह्यात?

हा प्रश्न आला की मला लिहावंसं वाटतं, कारण खरं शिक्षण इथेच होतं.

पहिलं ऑब्झर्वेशन. बालवाडीत एका कोपऱ्यात बसायचं, एक मूल निवडायचं आणि ते जे करतं ते लिहीत जायचं. सोपं वाटतं ना? पहिल्या वेळी सगळे लिहितात, “मुलगा चिडला आणि हट्टीपणा करू लागला.” मॅडम त्यावर लाल रेघ मारतात. चिडला हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही काय पाहिलं ते लिहा. मग लिहायचं, “डाव्या हाताने ठोकळा फेकला, ओठ दाबून धरले, ताईंकडे बघितलं, ताई बघत नाहीत असं दिसल्यावर दुसरा ठोकळा फेकला.” आता हे वाचा, आणि हट्टी म्हणावंसं वाटतंय का बघा. त्याला ताईंनी बघायला हवं होतं. ह्या सवयीने बोलणंसुद्धा बदलतं, ‘ती सून तोडूनच बोलते’ असं कोणी म्हणालं की पटकन विचारावंसं वाटतं, म्हणजे नक्की काय म्हणाली ती?

दुसरं जेनोग्राम, म्हणजे किमान तीन पिढ्यांचा घराचा नकाशा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाची आडवी रेघ, घटस्फोट झाला असेल तर तिच्यावर दोन तिरक्या रेघा, वारलेल्या माणसावर फुली. वर मग नात्यांच्या रेघा, जवळीक असेल तिथे दुहेरी, भांडण असेल तिथे नागमोडी. कागदावर आल्यावर न बोललेल्या गोष्टी दिसायला लागतात, उदाहरणार्थ प्रत्येक पिढीत थोरला मुलगा घर सोडून गेलाय, किंवा आजीपासून नातीपर्यंत प्रत्येक बाईची नागमोडी रेघ नणंदेकडेच जाते. स्वतःच्या घराचा जेनोग्रामही काढायला लावतात आणि तो काढताना वर्गात मुली रडतात, हे सांगून ठेवते. रडू आलं तर येऊ द्या, तो कागद कोणाला दाखवायचा आणि कोणाला नाही ते तुम्हीच ठरवायचं.

तिसरं मुलाखती. “तुमच्या घरात निर्णय कोण घेतं?” असं विचारलंत तर ठाण्यातलं प्रत्येक घर सांगेल, आम्ही सगळे मिळून घेतो. म्हणून विचारायचं कसं ते शिकवतात. शेवटचा फ्रिज घेतला तेव्हा दुकानात कोण कोण गेलेलं? रंग कोणी निवडला? पैसे कोणाच्या खात्यातून गेले? किमतीवरून कोण काय म्हणालं? फ्रिजच्या गोष्टीतून अख्खं घर उलगडतं, आणि समोरच्या माणसाला आपली उलटतपासणी चाललीय असंही वाटत नाही.

कायदा पण असतो का? मला कलमं पाठ होत नाहीत.

वकिलासारखी नाही करायची पाठ, पण कुठला कायदा कोणासाठी हे आलंच पाहिजे. कौटुंबिक न्यायालयांचा १९८४ चा कायदा, घरगुती हिंसाचाराचा २००५ चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा, बाल न्यायचा २०१५ चा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा कायदा, हा तर फिल्डवर जायच्या आधीच नीट समजून घ्या. आपण लोकांना सांगतो की तुमची माहिती आमच्याकडेच राहील, पण अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, विद्यार्थी असलात तरी. त्यामुळे गुप्ततेचं वचन देतानाच ही मर्यादा सांगायची असते, आणि असं काही समोर आलं तर एकट्याने निस्तरत बसायचं नाही, त्याच दिवशी आपल्या सुपरवायझरला सांगायचं.

शिकवणं इंग्रजीत असतं, माझं मराठी मीडियम झालंय. जमेल?

जमेल. पुस्तकं आणि पेपर बहुतेक इंग्रजीत असतात, पहिलं सेमिस्टर जड जातं, डिक्शनरी जवळ ठेवा आणि प्रश्न विचारायला लाजू नका. पण फिल्डवर गेलात की पारडं फिरतं. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत सातारा-सांगलीकडची कुटुंबं आहेत, दिव्या-घणसोलीच्या गावठाणात आगरी बोलतात, तिथे तुमची मराठी हीच तुमची ताकद. इंग्रजी मीडियमवाल्या मैत्रिणी तेव्हा तुमच्याच मागे मागे फिरतात.

आमच्याच घरात खूप भांडणं आहेत, हे शिकून मला ती सोडवता येतील का?

हा प्रश्न बऱ्याच जणी खाजगीत विचारतात आणि त्यात विचारायला लाज वाटण्यासारखं काही नाही. सोडवता येतील असं नाही म्हणणार मी. समजतील नक्की. आईबाबा तेच भांडण पुन्हा पुन्हा का करतात, त्यात तुम्हाला मध्ये का ओढतात, हे कळतं. ह्या ‘तिसऱ्याला मध्ये घेण्या’वर मरे बोवेन नावाच्या माणसाने बरंच काम केलंय आणि ते वाचताना अनेकींना आपलंच घर आठवतं. कळल्यावर तुम्ही मधून बाजूला व्हायला शिकता, ती सुद्धा मोठी गोष्ट आहे. पण घरच्यांचे काउन्सेलर होऊ नका. ज्या घरात तुमचा स्वतःचा राग-लोभ गुंतलाय तिथे तटस्थ राहता येत नाही, आणि घरचेही ऐकत नाहीत, काल ज्या मुलीला भाजी निवडायला सांगितली तिचं आज कोण ऐकणार. घरात मारहाण होत असेल तर डिग्रीची वाट बघू नका, महिलांसाठी १८१ आणि लहान मुलांसाठी १०९८ हे नंबर आहेत, आजच फोन करा.

प्रोजेक्ट / डिसर्टेशन (प्रबंध) कशावर करू?

कृपा करून “सोशल मीडियाचा किशोरवयीन मुलांवर परिणाम” नको. दर वर्गात चार जणी तोच घेतात, गुगल फॉर्म मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकतात आणि संपलं. तुम्ही जिथे राहताय तिथे इतके विषय पडलेत.

नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये आली, आगरी-कोळी गावांच्या जमिनी गेल्या, मग गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. त्या एका भूखंडाने किती घरांत भावाभावांत काय झालं, आणि बहिणींचं काय झालं ते बघा. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क १९९४ मध्येच दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. कागदावर हक्क आहे, आणि तरी किती बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, सही करताना त्या काय म्हणतात? “माहेर तुटायला नको,” असं म्हणतात. ह्या एका वाक्यावर अख्खं डिसर्टेशन होईल.

किंवा गावठाणातली घरंच घ्या. खाली थोरला, पहिल्या मजल्यावर मधला, वर धाकटा, तीन चुली, तीन वीजमीटर. जनगणनेच्या हिशोबाने एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब, म्हणजे इथे तीन झाली. पण गणपती एकच येतो, लग्नाच्या पत्रिकेवर सगळ्यांची नावं असतात, कोणी आजारी पडलं तर तिन्ही मजले हॉस्पिटलात. मग हे एकत्र कुटुंब की विभक्त? समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाईंनी गुजरातेत महुव्याला ह्याच प्रश्नावर काम केलं आणि दाखवून दिलं की चूल वेगळी झाली म्हणून एकत्रपणा संपत नाही, तो मालमत्तेत आणि एकमेकांच्या जबाबदारीत शिल्लक असतो. त्यांनी ते गेल्या शतकात मांडलं, दिव्यात आणि घणसोलीत आज काय दिसतं ते तुम्ही मांडा.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये नातवंडं सांभाळायला गावाहून आणलेले आजी-आजोबा, हाही विषय मला फार जवळचा वाटतो. दुपारी चार वाजता त्या कॉम्प्लेक्सच्या बाकांवर जाऊन बसा. आजी स्ट्रोलर ढकलत असते, तिला लिफ्टची सवय झालीय, पण गावच्या घराची चावी अजून कमरेला असते. तिला कोणी विचारलं होतं का यायचं का म्हणून, पैसे तिच्या हातात असतात का, नातू मोठा झाल्यावर ती परत जाणार की इथेच राहणार? मुलांच्या संगोपनावर ढिगाने लिहिलंय, पण संगोपन करणाऱ्या ह्या आजीवर फारच कमी.

नोकरी लागते का?

लागते, पण कॅम्पसला कंपन्या येऊन उचलून नेतील अशी अपेक्षा ठेवू नका, आणि सुरुवातीचा पगार कमी असतो हे स्पष्ट सांगते. बालवाडी आणि प्री-स्कूल, स्पेशल नीड्सच्या शाळा, एनजीओ, दत्तक संस्था, वृद्धाश्रम आणि डे केअर, शाळेतलं काउन्सेलिंग, महिला व बालविकास खात्यातली पर्यवेक्षिकांची पदं, ही नेहमीची क्षेत्रं. पोलीस स्टेशनमध्ये बसून हिंसाचारग्रस्त बायकांसोबत काम करणारे स्पेशल सेल आहेत, टिस आणि मुंबई पोलिसांनी १९८४ मध्ये सुरू केलेले आणि आता राज्यभर पसरलेले. पण तिथे आणि कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या जागांना साधारणपणे एमएसडब्ल्यू (सोशल वर्कचा मास्टर्स) मागतात, म्हणून कोर्टात काम करायचं स्वप्न असेल तर मास्टर्स सोशल वर्कमध्ये करा, ग्रॅज्युएशन इथलं असलं तरी चालतं आणि उपयोगीच पडतं. कॉलेजात शिकवायचं असेल तर मास्टर्सला ५५ टक्के आणि नेट ही पात्रता परीक्षा, नेटमध्ये विषय होम सायन्स निवडायचा.

माझं लग्न झालंय, नोकरी करते, वय पस्तिशीच्या पुढे. आता काय करू शकते?

इग्नूचा काउन्सेलिंग अँड फॅमिली थेरपीचा मास्टर्स बघा, त्यातच पीजी डिप्लोमाही आहे. प्रवेश सध्या चालू आहेत का आणि कधी, हे आधी इग्नूकडूनच तपासून घ्या. डिस्टन्स आहे म्हणून हलकं समजू नका, त्यात सुपरव्हाइज्ड प्रॅक्टिकम असतं, प्रत्यक्ष कुटुंबांबरोबर तास भरावे लागतात, त्यासाठी शनिवार-रविवार मोकळे ठेवता येतील का ते घरी बसून आधी ठरवा. संसार केलेल्या, सासू सांभाळलेल्या, मुलं वाढवलेल्या बायका ह्या अभ्यासाला येतात तेव्हा वर्गाची चर्चाच वेगळ्या उंचीवर जाते. फक्त स्वतःचा अनुभव म्हणजेच सगळ्यांचा अनुभव असं धरून चालू नका.

फी आणि स्कॉलरशिप?

अनुदानित तुकडी आणि विनाअनुदानित तुकडी ह्यांच्या फीत खूप फरक असतो, ते पहिल्यांदा विचारा. स्कॉलरशिपचे अर्ज महाडीबीटी ह्या सरकारी वेबसाइटवर. मुलींची फी माफ ही योजना प्रोफेशनल कोर्सेससाठी आहे, तुमचा कोर्स त्यात बसतो का हे कॉलेजच्या ऑफिसातूनच कळेल. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूत मरणाची गर्दी असते.

नातेवाईक म्हणतात, संसार करायला डिग्री कशाला?

वाद घालू नका. त्यांना विचारा, आपल्या बिल्डिंगमधल्या एखाद्या आजोबांना मुलाने घराबाहेर काढलं तर ते दाद कुठे मागणार? बहुतेकांना माहीत नसतं. तुम्ही सांगा की २००७ च्या कायद्याने प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) न्यायाधिकरण असतं, तिथे साधा अर्ज करता येतो. पुढच्या वेळी तेच काका कोणाचा तरी प्रश्न घेऊन तुमच्याकडे येतील.

ॲडमिशनला जाताना कॉलेजात काय काय विचारू?

ह्यूमन डेव्हलपमेंटचं स्पेशलायझेशन ह्या वर्षी खरंच चालू होणार आहे का, की मुली कमी आल्या तर बंद करून दुसरीकडे टाकणार, हे सगळ्यात आधी. कॉलेजची स्वतःची लॅब नर्सरी, म्हणजे ऑब्झर्वेशनसाठी चालवलेली बालवाडी, आहे का. फिल्डवर्क आठवड्यातून किती दिवस आणि प्लेसमेंट ठाणे-नवी मुंबईत मिळते का, कारण मागितली तर बरेचदा मिळते आणि तेवढा प्रवास वाचतो. फिल्डवर सुपरवायझर सोबत येतात की फक्त रिपोर्ट तपासतात. आणि शक्य झालं तर ऑफिसातून बाहेर पडल्यावर कॅन्टीनमध्ये शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलींशी बोला, त्या फीपासून परीक्षेपर्यंत सगळं मोकळेपणाने सांगतात.